ओठाचं ऑपरेशन "मस्त झालंय" असं आम्ही सगळे म्हणतो, मुलगा म्हणतो नाही. नक्की कोणाची नजर धरायची?

भांडुपची_आई:
नमस्कार. बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं, आज लिहितेच. मुलगा नववीत आहे. जन्मतः डाव्या बाजूचा ओठ आणि टाळू दुभंगलेले होते. ओठाचं ऑपरेशन तीनेक महिन्यांचा असताना झालं, टाळूचं वर्षाच्या आसपास, आणि नंतर चौथीत असताना कमरेचं हाड काढून हिरडीत भरलं. बोलणं आता अगदी स्वच्छ आहे, स्पीच थेरपीला खूप घासलंय त्याला आणि मला पण.

प्रॉब्लेम असा की गेल्या वर्षभरात तो फोटोतून गायबच झालाय. सोसायटीच्या गणपतीच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभा राहणार आणि बरोबर क्लिकच्या वेळी हात तोंडावर. कोरोनातला मास्क सगळ्यांचा सुटला, ह्याच्या दप्तरात अजून एक असतोच, ट्रेनमध्ये चढला की लावतो. शाळेत कोणी काही बोलतं का विचारलं तर नाही म्हणतो.

आता गंमत नाही पण गोंधळ असा आहे की त्याच्या एकाच चेहऱ्याबद्दल घरात आणि बाहेर प्रत्येकाचं वेगळं मत. मी त्याला लेबर रूममध्ये पहिल्यांदा बघितलंय, त्यामुळे मला आजही तो ओठ बघितला की डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटतात. नवरा म्हणतो रेघसुद्धा दिसत नाही, तू उगाच विषय काढतेस म्हणून तो विचार करतो. सर्जननी मागच्या व्हिजिटला हनुवटी वर करून टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले रिझल्ट उत्तम आहे, काही करायची गरज नाही. सासूबाई अजून ग्रहणावरच आहेत, मी पोटुशी असताना विळीवर भाजी चिरली होती वगैरे. आणि परवा दादरहून ट्रेनने येताना समोरच्या बाईंनी त्याच्यासमोरच मला विचारलं, "लहानपणी पडला होता का हो?" तो उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. घरी आल्यावर एवढंच म्हणाला की तुम्हाला मी चांगला दिसणारच, मी तुमचा आहे.

तर विचारायचं हे की अशा वेळी कोणाचं ऐकायचं? डॉक्टर उत्तम म्हणतात तर तेच धरून मुलाला समजवायचं, का मुलगा म्हणतो म्हणून परत ऑपरेशनच्या मागे लागायचं? ज्यांच्या घरात आहे किंवा जे स्वतः ह्यातून गेलेत त्यांनी प्लीज लिहा.

ठाण्याची_मावशी:
अगं एवढं मनावर घेऊ नकोस. वय असतं हे, ह्या वयात सगळ्या पोरांना आपलं नाक नकटं नि कान मोठे वाटतात. आपण विषय काढला नाही की ती पण विसरतात. आणि मुलगा आहे, दोन वर्षांत मिशी येईल, सगळं झाकून जाईल. मुलगी असती तर काळजी होती.

लालबागकर:
मावशी, तुम्ही चांगल्या मनानेच लिहिलंय पण मिशीचं जरा सांगतो कारण मी पण डाव्या ओठाचाच, वय आता चाळिशीकडे. मिशी येते, पण टाक्यांच्या वणावर केस येत नाहीत. म्हणजे बाकी मिशी दाट आली की त्या जागी उलट एक पांढरी फट उठून दिसते. मला अठराव्या वर्षी हे कळलं तेव्हा फार हिरमोड झालेला कारण लहानपणापासून सगळे नातेवाईक हेच सांगत आलेले की मिशी आली की प्रश्न सुटला. पुढे आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने मार्ग काढला, तो मिशी एकदम बारीक ठेवतो आणि फटीच्या शेजारचे केस कात्रीने तिरके कापून त्यावर आणतो, वस्तरा नाही लावत तिथे. पण हे सगळं नंतरचं.

भांडुपच्या ताई, तुम्हाला एक गोष्ट कळकळीने सांगतो. मला ट्रेनमधल्या लोकांनी विचारलेलं कधी इतकं लागलं नाही जितकं घरच्यांचं "काही दिसत नाही" लागलं. कारण मला आरशात दिसत होतं. शाळेत पोरांना दिसत होतं, ती नाव पण ठेवत होती. मग घरचे म्हणतात दिसत नाही तर एकतर हे खोटं बोलतायत नाहीतर मी वेडा आहे, असं वाटायचं. आणि मग घरी सांगणंच बंद केलं, कारण सांगून उत्तर तेच येणार. शाळेत काही बोलत नाहीत असं तुमचा मुलगा म्हणतो ना, त्यावर पूर्ण विसंबू नका. मी पण आईला हेच सांगायचो.

आमच्या वडिलांची चूक नव्हती, त्यांना खरंच दिसत नव्हतं. रोज बघून बघून नजर बसते. पण तुमच्या मिस्टरांना सांगा की "दिसतं, थोडं दिसतं, आणि तरी तू मला आवडतोस" हे वाक्य "दिसत नाही"पेक्षा पोराला जास्त उपयोगाचं आहे.

दातांची_डॉक्टर:
मी ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारी डॉक्टर आहे, पालिकेच्या हॉस्पिटलात क्लेफ्टची, म्हणजे ओठ-टाळू दुभंगलेली मुलं बरीच बघितली आहेत, आता प्रॅक्टिस मुलुंडला. जरा मोठं लिहिते.

ताई, तुमचे सर्जन उत्तम म्हणाले ते त्यांच्या दृष्टीने खरंच असेल. सर्जन बघतो ते असं की सुरुवातीला फट किती रुंद होती, ओठाचा स्नायू नीट जुळलाय का, गुलाबी भाग आणि कातडी ह्यांच्या मधली कडा दोन्ही बाजूंनी एका लेव्हलला आहे का. ती कडा एक मिलिमीटर जरी खालीवर झाली तर बोलण्याच्या अंतरावरून दिसते हे आम्हाला शिकतानाच डोक्यात बसवलेलं असतं, त्यामुळे ती बरोबर बसली की आम्ही खूश. शिवाय आमच्या डोळ्यांपुढे शेकडो इतर केसेस असतात, त्यातल्या तुलनेत तुमचा मुलगा वरच्या नंबरात असणार. ट्रेनमधल्या बाईंकडे ती तुलना नसते, त्या डब्यातल्या बाकी चेहऱ्यांशी तुलना करतात. तुम्ही पहिल्या दिवसाशी करता. आणि मुलगा करतो वर्गातल्या मुलांशी. माप वेगळं म्हणून उत्तर वेगळं.

ह्याच्यावर अभ्यास खूप झालेत. १९९१ पासून आशर-मॅकडेड नावाची एक पद्धत वापरतात, तिच्यात फोटोतला फक्त नाक आणि ओठाचा भाग कापून घेतात, बाकी चेहरा झाकतात, आणि नाकाचा आकार, नाक किती वाकलंय, ओठाची कडा, बाजूने दिसणारा आकार ह्या चार गोष्टींना एक ते पाच मार्क देतात. बाकी चेहरा झाकायचं कारण असं की डोळे सुंदर असले, केस छान असले तर बघणारा नकळत ओठाला पण जास्त मार्क देतो. म्हणजे डॉक्टरांची नजर पण फसते म्हणून ही सोय. पण खऱ्या आयुष्यात कोणी चेहरा झाकून फिरत नाही, म्हणून ह्या मार्कांवरून मुलाला कसं वाटत असेल हे कळत नाही. तज्ज्ञ आणि सामान्य लोक ह्यांच्यात जास्त कडक कोण, ह्याचं उत्तर तर अभ्यासाअभ्यासात वेगवेगळं आलंय, कुठे तज्ज्ञ कडक, कुठे सामान्य माणसं. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे वण किती मोठा आहे आणि माणूस स्वतःच्या चेहऱ्यावर किती नाराज आहे ह्याचा थेट हिशोब लागत नाही. अगदी बारीक खूण असलेला मुलगा घराबाहेर पडत नाही आणि दोन्ही बाजूंनी फट असलेली मुलगी गॅदरिंगमध्ये नाचते, दोन्ही मी बघितलेत.

म्हणूनच नंतर क्लेफ्ट-क्यू नावाची प्रश्नावली आली, २०१८ मध्ये तिचे निकाल छापून आले. ती ८ ते २९ वयाच्या पेशंटनी स्वतः भरायची असते, आई-बापांनी नाही, डॉक्टरांनी नाही. बनवताना ज्या देशांतल्या मुलांशी बोलले त्यात भारत पण होता. त्यात चेहरा, ओठ, नाक, नाकपुड्या, दात, जबडा, वण ह्या सगळ्यांचे प्रश्न वेगवेगळे आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चौदा-पंधराव्या वर्षी त्याचा चेहरा खरोखर बदलतोय, तो कल्पना करत नाहीये! टाळूच्या ऑपरेशनचे वण वरच्या जबड्याची वाढ थोडी रोखतात. वयात येताना खालचा जबडा जोरात वाढतो, वरचा मागे राहतो, मग गाल आणि नाकाच्या बाजूचा भाग सपाट वाटायला लागतो, वरचा ओठ आत गेल्यासारखा दिसतो. नाकाचं पण तसंच, नाक ह्याच वयात वाढतं आणि फटीच्या बाजूची नाकपुडी आधीच पसरट असते, त्यामुळे वाकडेपणा वाढल्यासारखा होतो. तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा बसलाय, त्यावर खरंच कमी दिसत असेल. आरशात आज वेगळा चेहरा आहे.

त्याला एकदा शांतपणे विचारा की तुला नक्की काय आवडत नाही. ओठ? वण? दात? नाक? हसताना का गप्प असताना? समोरून का बाजूने? तो बोट ठेवेल. बऱ्याचदा आपण एकीकडे बघत असतो आणि मूल दुसरीकडे.

फोर्टची_बँकवाली:
मी २७ वर्षांची मुलगी, माझं दोन्ही बाजूंचं होतं. ठाण्याच्या मावशींच्या "मुलगी असती तर" ह्या वाक्यावर लिहिणार नव्हते, पण तेच वाक्य मी आयुष्यभर माझ्या मागे ऐकलंय म्हणून लिहिते. माझ्या स्थळाच्या फोटोवरून घरात दोन तट पडलेले. मामा म्हणाले थोडं एडिट करून घेऊ, सगळेच करतात. आईला पण पटलेलं. मी नाही म्हटलं, कारण मग तो माणूस समोर आला की पहिली पाच मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत फोटोतली बाई शोधणार.

मला काउंटरवर रोज नवी माणसं भेटतात म्हणून सांगते, लोक बघतात. अगदी सेकंदभर, पण नजर डोळ्यांवरून ओठावर जाते आणि परत येते, आणि आपल्याला ते कळतं. नंतर पैसे, पासबुक, केवायसी सुरू झालं की कोणाच्या लक्षातही राहत नाही. नेहमीचे कस्टमर तर बघत पण नाहीत. म्हणजे पहिल्यांदा बघणारा आणि दहाव्यांदा बघणारा हेच दोन गट आहेत माझ्या लेखी, डॉक्टर आणि सामान्य वगैरे नंतर. तुमच्या मुलाचं जग सध्या शाळा आणि सोसायटी एवढंच आहे, तिथे सगळ्यांनी त्याला हजारदा बघितलंय. पुढच्या वर्षानंतर कॉलेज येतंय, नवीन साठ-सत्तर पोरं. मास्कचं मूळ तिथे पण असू शकतं, विचारून बघा.

समुपदेशक_दादर:
शाळेत काउन्सेलिंग करते. ह्या विषयात एक जुना प्रयोग आहे, अमेरिकेत क्लेक आणि स्ट्रेंटा ह्यांनी १९८० मध्ये केलेला. काही जणांच्या चेहऱ्यावर मेकअपने वण काढला, आरशात दाखवला, आणि मग क्रीम लावतो सांगून त्यांना न कळता पुसून टाकला. नंतर अनोळखी माणसाशी बोलायला लावलं. चेहऱ्यावर काही नसतानाही त्या लोकांनी सांगितलं की समोरचा माणूस वणामुळे आपल्याशी विचित्र वागत होता. मुलाला ही गोष्ट सांगता येईल, मोठ्या मुलांना पटते.

फोर्टची_बँकवाली:
मॅडम, प्रयोग खरा असेल पण मुलाला नुसता हाच सांगू नका, विनंती आहे. त्यातून त्याला "सगळं तुझ्या डोक्यात आहे" एवढंच ऐकू येईल, आणि त्याच्या ओठावर तर मेकअप नाहीये. लोक बघतात हे पण खरंच आहे.

दातांची_डॉक्टर:
बँकवाल्या ताईंचं बरोबर आहे. डोळ्यांच्या हालचाली टिपणारी यंत्रं लावून पण बघितलंय लोकांनी, क्लेफ्ट असलेल्या चेहऱ्याचा फोटो दाखवला की बघणाऱ्याची नजर नाक-तोंडाकडे जास्त जाते आणि डोळ्यांवर कमी टिकते. म्हणजे तुम्ही काउंटरवर जे सांगितलंत तेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या, लोक बघतात आणि आपण त्या बघण्यात असतं त्यापेक्षा जास्त वाचतो.

समुपदेशक_दादर:
मान्य. आधी ऐकून घेणं, प्रयोग नंतर. आणि ताई, ट्रेनमधल्या प्रश्नाला एक तयार उत्तर त्याच्या तोंडी बसवा, त्याच्याच शब्दात. "जन्मापासून आहे, ऑपरेशन झालंय" आणि लगेच दुसरा विषय. उत्तर तयार असलं की मुलं खिडकीबाहेर बघत बसत नाहीत. तुम्ही त्याच्या वतीने उत्तर देऊ नका, तो चौदा वर्षांचा आहे.

स्टुडिओवाला_गिरगाव:
फोटोचा विषय निघाला म्हणून. पासपोर्ट, हॉल तिकीट, लग्न सगळे फोटो काढतो. हल्लीची पोरं स्वतःला सेल्फीवरून जोखतात आणि सेल्फी एवढा वाईट जज्ज दुसरा नाही. हात जेवढा लांब जाईल तेवढ्यावरून काढलेला फोटो असतो, एवढ्या जवळून कोणाचंही नाक फुगलेलं दिसतं, आणि ज्याचं नाक एका बाजूला आहे त्याचं जास्तच. दुसरं म्हणजे आरशात आपण उलटे दिसतो, डावं-उजवं बदलतं, जन्मभर तोच चेहरा आपला वाटत असतो. फोटोत सरळ आला की वाकडेपणा एकदम दुसऱ्या बाजूला जातो आणि धक्का बसतो. बाकीच्यांना नाही बसत, कारण ते आपल्याला नेहमी सरळच बघतात.

बोर्डाच्या फॉर्मला फोटो लागेलच. पोराला घेऊन कुठल्याही चांगल्या स्टुडिओत जा, गर्दी नसताना दुपारी. सहा-सात फुटांवरून, लाइट समोरून दोन्हीकडे सारखा, वरून एकच लाइट नको, त्याने वणाची आणि नाकपुडीची सावली पडते. काढून झाल्यावर स्क्रीनवर त्यालाच निवडू द्या. एडिट करायचं का हे पण त्यालाच विचारायचं, आई-वडिलांना नाही. मी मुरूम विचारल्याशिवाय काढतो पण वण विचारल्याशिवाय कधी काढत नाही.

ठाण्याची_मावशी:
मुलगी असती तर लिहिलं ते बँकवाल्या मुलीला लागलं असेल, तसा हेतू नव्हता गं. आमच्या पिढीत हेच ऐकत आलो.

भांडुपची_आई:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. रविवारी तो आणि मी दोघंच शिवाजी पार्कला गेलो होतो, कट्ट्यावर बसून डॉक्टर ताईंनी सांगितलं तसं विचारलं, नक्की काय आवडत नाही. मला वाटलेलं तो ओठ म्हणेल. ओठाचं नावच नाही! म्हणाला ओठ ठीक आहे, मला नाक आवडत नाही. डावी नाकपुडी चपटी आहे आणि मान वर केली की दोन भोकं दोन आकारांची दिसतात, मागच्या बाकावरच्या मुलांनी त्यावरून काहीतरी नाव ठेवलंय, ते नाव मला सांगितलं नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याच्या ओठाकडे बघून छान छान करतोय आणि तो नाकाबद्दल बोलतोय. सर्जननी पण टॉर्च ओठावरच मारला होता बहुतेक, नाकाचं कोणी विचारलंच नाही.

नवऱ्याला पण हे वाचायला दिलं. काही बोलले नाहीत पण रात्री त्याच्याजवळ जाऊन बसले होते, दार लोटलेलं होतं म्हणून मी आत गेले नाही.

आता नाकाचं ऑपरेशन लगेच होतं का? आणि शाळेत मी जाऊन बोलू का, तो नको म्हणतोय.

दातांची_डॉक्टर:
पूर्ण नाकाचं ऑपरेशन बहुतेक सर्जन वाढ संपल्यावर करतात, मुलांमध्ये साधारण सतरा-अठराच्या आसपास, मुलींमध्ये थोडं आधी. वरचा जबडा पुढे घ्यायचा असेल तर ते आधी होतं आणि नाक नंतर, कारण जबडा सरकला की नाकाचा पाया बदलतो. कधी कधी चिडवण्याचा फार त्रास असेल तर मधे छोटी दुरुस्ती करतात, पण ते सर्जननेच बघून ठरवायचं. आत्ता करायचं काम म्हणजे दात आणि जबड्याची तपासणी. मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आणि सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्स विभाग आहे. अठरापर्यंतच्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लेफ्ट बसतं, त्याची पण चौकशी करा.

पुढच्या व्हिजिटला जाताना दोघांनी मिळून एका कागदावर लिहून न्या, पहिला मुद्दा त्याच्या हाताने लिहिलेला, "मला नाकपुडी आवडत नाही". डॉक्टरांशी पाच मिनिटं त्याला एकट्याला बोलू द्या. तीन वर्षं थांबायचं आहे हे डॉक्टरांनी त्याला स्वतः, कारणासकट सांगितलं तर मुलं थांबतात. चौथीत हाड भरलं त्याचे जुने एक्स-रे असतील तर ते पण पिशवीत घ्या, सुळा नीट उतरलाय का ते बघतील.

लालबागकर:
शाळेत त्याच्या मनाविरुद्ध जाऊ नका ताई, पण सोडून पण देऊ नका. एका शिक्षकाचं नाव त्यालाच निवडू द्या, ज्याच्याशी बोललं तर चालेल असा. माझ्या वेळी पीटीचे सर होते, त्यांनी वर्गात काहीच भाषण दिलं नाही, फक्त मला नाव ठेवणाऱ्या तिघांना वेगवेगळं बोलावलं, पुढच्या आठवड्यापासून नाव बंद. आणि त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज करा, मी रविवारी मोकळा असतो, भांडुपला पण येईन.